चढावर उतरलेला नवरदेव

गंगुबाईंचं माहेर खाडीतल्या बेटावर, टेकडीच्या अगदी माथ्याला. चाळीस वर्षांपूर्वी सहदेव कळव्याहून मुलगी बघायला गेले ते रुबाबात, नवीकोरी सायकल लाँचवर चढवून. पण अर्ध्या चढावर ते सायकलवरून उतरले आणि ती ढकलत घरी पोचले. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात गंगुबाईंचं सुरू, “यांना आमचा चढ काही झेपला नाही, बाई!” सहदेव नुसते हसायचे.

रिटायर झाल्यावर मात्र ते हट्टाला पेटले. गिअरची सायकल घेतली, सहा महिने पारसिकच्या टेकडीवर घाम गाळला आणि जत्रेच्या दिवशी सायकल लाँचमधून बेटावर नेली. अख्खं सासर ओट्यावर उभं असताना, कुठेही पाय न टेकवता, ते थेट माथ्यावर आले.

गंगुबाई बघतच राहिल्या. “एवढं जमतं, तर तेव्हा का उतरलात?”

सहदेवांनी घाम पुसला. आता सांगायला हरकत नव्हती.

“अगं, तू पुढे हंडा घेऊन चढत होतीस. पाठमोरीच दिसलीस, पण तुला मागे टाकून जाववेना. घरी पोचायच्या आत माझा होकार ठरलेला.”

ओट्यावर हशा पिकला. गंगुबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“तुम्ही बघायला येणार म्हणून मला सकाळपासून उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पाण्याला धाकटी गेलेली.”