जुईच्या भुवया

"नुसत्या जाहिराती वाचून नवं नेट घ्यायला मी काही खुळा नाही," असं म्हणत सापळेकाका मोबाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या काणेकरांकडे येऊन बसले. याआधी ते दोन शेजाऱ्यांकडे असेच बसून आले होते. प्रत्येकाच्या घरी वेगळ्या कंपनीचं वायफाय, आणि प्रत्येकाकडून काकांचा व्हिडिओ कॉल एकाच माणसाला, बंगळुरूच्या सुनेला, जुईला.

जुईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्याशी बोलता यावं म्हणून काका वर्षभर दिवसदिवस इंटरनेटवर खुणांची भाषा शिकत होते. पण कॉलवर त्यांनी हात हलवले, की तिच्या भुवया आक्रसायच्या आणि ती खूण करायची, 'पुन्हा सांगा.' आपली म्हातारी बोटंच आखडली असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. परवा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं चित्रच अडकतं इथे." तरी त्यांचा पुरता विश्वास बसला नव्हता. दोन्ही शेजाऱ्यांकडेही भुवया आक्रसल्याच होत्या.

कॉल लागला. काकांनी हातांनी विचारलं, 'आज जेवायला काय केलंस?'

भुवया जागच्या हलल्या नाहीत. जुईचे हात मात्र असे भराभर चालू लागले, की काकांना भाजीचं नावसुद्धा कळेना.

"काय म्हणतेय ती?" काणेकरवहिनींनी विचारलं.

"मला काय ठाऊक," काका खुशीत म्हणाले. "पण कंपनी हीच घ्यायची."

आणि या वेळी 'पुन्हा सांग' अशी खूण त्यांनी केली.