बाजाराचं चित्र

रालित्सा मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायला शिकून विदिनला परतली, तेव्हा डॅन्यूबमधले मासे दचकतील एवढ्या आवाजात बाप म्हणाला होता, “सशांना टोप्या घालून पोट भरणार होय गं?” पुढे पक्षाघाताने त्याचं बोलणं-वाचणं गेलं आणि लेकीला घरातच काम मिळालं. पाणी, पाव, दुखरं डोकं यांची चित्रं काढायची. ती चित्रं मांडायची, तो हवं त्यावर बोट ठेवायचा.

रोज सकाळी बोट आईच्या चित्रावर यायचं. तो इस्पितळात असतानाच आई वारली होती. रालित्सा घाईने बाजाराचं चित्र पुढे करायची. “मिरच्या आणायला गेलीय, बाबा. तिची घासाघीस माहितीये ना!”

आज त्याने बाजार बाजूला सारला, लेकीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि गावात कुणी वारलं की दारावर चिकटवतात त्या कागदावर असते तशी, डाव्या हाताने आईच्या चित्राभोवती काळी चौकट काढली.