माराकासला जायची गाडी

गेल्या नाताळात केकवरून भांडण झालं, तेव्हापासून वर्ना आणि जॉसलिन या बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींनीही एकमेकींच्या नकळत रविवारी माराकासच्या किनाऱ्यावर जायचं ठरवलं आणि धाकट्या भावाची, केल्व्हिनची, व्हॅन सांगून ठेवली. केल्व्हिनने दोघींनाही हो म्हटलं.

रविवारी सकाळी वर्नाला पोरांसह गाडीत घेऊन तो थेट जॉसलिनच्या दारात थांबला. चिकन-पेलाऊचं, म्हणजे कोंबडी घातलेल्या भाताचं, गरम पातेलं घेऊन जॉसलिन बाहेर आली आणि थबकली.

"हिला कशाला आणलंस?"

"गाडी एकच आहे, ताई. बस, नाहीतर घरी थांब."

ती तोंड फिरवून बसली. वर्नाच्या मांडीवरही पेलाऊचंच पातेलं होतं. घाटातल्या पहिल्याच वळणावर दोन्ही पातेली कलंडली.

"अगं, नीट धर!" वर्ना ओरडली. मग हळूच म्हणाली, "आईच्या हातासारखा वास येतोय. नारळाचं दूध घातलंस?"

"चाखून बघ की."

घाट उतरून गाडी किनाऱ्याला लागली. पोरं केव्हाच पाण्यात पळाली.

"समुद्र आला, उतरा आता," केल्व्हिन म्हणाला.

"थांब रे जरा," दोघी एकदमच म्हणाल्या, "आमचं बोलणं कुठे संपलंय?"