पेटीतले ठोके

अतिया पाठमोरी उभी राहून काहीतरी बोलली, हे यूनुसला ती वळल्यावर कळलं. ती उत्तराची वाट बघत होती.

“हो,” त्याने ठोकून दिलं.

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग स्टूल ओढून थेट त्याच्यासमोर, उजेडात बसली.

यूनुसचा जीव भांड्यात पडला. नारपोलीच्या यंत्रमाग कारखान्यांत बारा वर्षं लूम दुरुस्त करता करता त्याचे कान गेले होते, पण ओठ वाचण्यात तो पटाईत झाला होता. सत्त्याऐंशी साली कोन गावातली सोयरीक बहिरेपण कळलं तशी मोडली. ही मुलगी त्याला बघताक्षणी आवडली होती; इथे कळून चालणार नव्हतं. पडद्याआड सोयरीक जमवणारी खदीजाखाला आणि मुलीची आई कान टवकारून बसल्या होत्या. शुक्रवार, लूम बंद, म्हणजे गल्ली शांत असणार. यूनुसला काय, सगळे वार सारखेच.

अतियाने काचेच्या झाकणाची पुठ्ठ्याची पेटी पुढे केली. आत दोन कोळी. एक लाल-निळा, नवरदेवासारखा नटलेला. दुसरा मातकट.

“उडी मारणारे कोळी. शेवग्यावर सापडले. रंगीत तो नर, साधी ती मादी. कॉलेजच्या पुस्तकात या रंगाच्या दोन जाती आहेत. एकीतला नर नुसता नाचतो, दुसरीतला नाचताना पोटाने ठोके देतो. पण ते कुणालाच ऐकू येत नाहीत. महिना झाला, जात ठरत नाहीये.”

नराने पुढचे पाय उंचावले आणि तिरपी पावलं टाकत तो मादीपुढे झुलू लागला. मादी टक लावून बघत होती.

यूनुसला राहवेना. त्याने पेटीखाली बोट टेकवलं. लूमचा बिघाडही तो असाच शोधायचा.

“देतोय की ठोके. तीन भरभर, मग एक दमाने. पुन्हा तीन.”

अतियाचा चेहरा फुलला. तिने घाईघाईने वहीत लिहून घेतलं. “अब्बाही लूमला असंच बोट लावायचे.”

“आणि मादीला पसंत नसला तर?”

“तोंड फिरवून निघून जाते.”

मादी जागची हलली नव्हती. आणखी बराच वेळ बोलून अतिया हसून आत गेली.

खाला शरबताचा पेला घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“मुबारक हो, अतिया हो म्हणाली. पण काय रे यूनुस, ‘पाणी घ्याल की शरबत’ एवढं तिने विचारलं, आणि नंतर अर्धा तास तुझाच आवाज. आम्ही पडद्याला कान लावून होतो, तिचा चकार शब्द ऐकू आला नाही.”