दाट वेणी

"पोरगी चांगली हाये, पण ते वेणी हाये का उंदराची शेपटी?" पाहायला आलेल्या बाया जिन्यातच हसल्या आणि ते प्रांजलीनं ऐकलं. तेव्हापासून ती जास्वंदीच्या पानांनी न्हायची, मान खाली घालून केस उलटे वाळवायची, वेणीचा एकेक पेड बोटांनी सैल करून फुगवायची. आई गंगावन लाव म्हणाली, तर तिनं साफ सांगितलं, "दिसतीन ते माहेच दिसतीन."

पुढच्या वर्षी अकोल्याचे पाहुणे अमरावतीला आले. मुलाच्या आईनं, वच्छलाबाईंनी, आपला नारळाएवढा अंबाडा सावरत तिला जवळ बसवलं आणि वेणी हलकेच ओढून पाहिली.

"गंगावन तं नाही ना वं, माय?"

"नाही जी. माहेच हायेत."

"कसे दाट हायेत! आमाले पोरगी पसंत हाये."

त्या दिवशी प्रांजलीनं किती वेळा आरसा पाहिला असेल, तिलाच ठाऊक.

अंगाची हळद निघायच्या आतच नवं जोडपं आणि सासूबाई तिरुपतीच्या गाडीत बसले. प्रांजलीनं वेणी कौतुकानं खांद्यावरून पुढं घेतली. नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. सासूबाईंनी मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.



"पोराले नोकरी लागली तं घरच्या लक्ष्मीचे सारे केस वाहीन, असा बालाजीले नवस बोलली होती मी. लय पोरी पाह्यल्या वं, पण देवाले उंदराची शेपटी थोडीच देता येते!"