राख उडू दे

ठकूबाईने चुलीवर चहा ठेवला आणि फुंकणीने हलकेच, लांबलचक फुंकर घातली. समोर बसलेल्या डॉक्टर बर्डेबाई बघतच राहिल्या. चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसं किती निकामी होतात, हे फुंकायच्या यंत्राने मोजत त्या तीन वर्षं गावोगाव फिरत होत्या.

"ठकूबाई, माझ्या यंत्रातही अशीच फुंकर घातलीत?"

"मग? जोरात फुंकलं तर राख उडती न्हवं! सासूनं धपाटे घालून शिकवलंय. समद्याच बायका अशा फुंकत्यात."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. यंत्राला तर सगळा जोर लावून फुंकायला हवं होतं. त्यांनी वही उघडली आणि सहाशे बायकांच्या नोंदींवर काट मारली.

ठकूबाईने फुंकणी खाली ठेवली. "आमच्यापायी तुमची तीन वर्सं मातीत गेली की!"

"चूक माझी. तुम्ही कशा फुंकता, ते मी विचारलंच नाही. आता पहिल्या घरापासून पुन्हा." त्यांनी यंत्राची नळी पुढे धरली. "घ्या, उडू दे राख!"

ठकूबाईने सवयीने मागे पाहिलं. सासू जाऊन दहा वर्षं झाली होती. मग तिने छाती भरून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा, होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकलं.