दाढीचा बिनवासाचा साबण

“दाढीचा साबण द्या. वास नसलेला,” राजकुमार म्हणाला, आणि वैजनाथकाकांना ते लागलं.

“आमच्या दुकानातल्या साबणाला वास येत नाही,” ते म्हणाले. “वडलांपासून उस्मानपुऱ्यात बसलोय आम्ही.”

त्यांनी गुलाबी खोक्यातला साबण काउंटरवर ठेवला. राजकुमारनं तो नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

“काका, ह्याला लई वास हाय.”

“तो सुगंध आहे.”

झालं. इथंच गाडी अडली. राजकुमारच्या हिशेबानं नाकात शिरतो तो वास. काकांच्या हिशेबानं वास गटारीला येतो, मोज्यांना येतो, आणि त्यांच्या मालाला वास येतो म्हणणारा माणूस भांडायलाच आलेला असतो. दोघं मराठीच बोलत होते, तरी एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं.

मग लिंबाचा आला. मग चंदनाचा. मग फेसाचा एक डबा आला, त्यावर ‘नाजूक त्वचेसाठी’ असं लिहिलेलं. तो दाबला तर फेसाच्या आधी अत्तरच बाहेर आलं. वर त्याची किंमत. राजकुमारनं डबा अगदी हळू खाली ठेवला.

“नाजूक कातडी काय फक्त पैसेवाल्यांनाच असती का?”

दुकानाच्या पायरीवर त्याची आई, कडूबाई, बसली होती. सकाळी तिचे डोळे दाखवायला तो तिला शहरात घेऊन आला होता, आता करमाडला परत जायचं होतं. तिला दिसायचं कमी, ऐकू मात्र सगळं यायचं.

राजकुमार शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन. गेटवरच्या माणसाचा गाल गुळगुळीत पाहिजे, हा तिथल्या सुपरवायझरचा नियम. तो नुसता बघत नाही, उलटा हात फिरवून बघतो. गाल गुळगुळीत नसला तर चोर आत शिरतात की काय, देव जाणे. आणि राजकुमारच्या गालाला असला सुगंध लागला की पुरळ उठतं, आणि पुरळावरून दुसऱ्या दिवशी रेझर फिरलं की रक्त. कातडीच्या डॉक्टरनं सांगितलं, साबण बिनवासाचा वापरा. कुठं मिळतो, ते काही सांगितलं नाही.

श्रावणात तेवढी सुटका होती. श्रावण पाळणाऱ्याला दाढीची माफी. म्हणून राजकुमारनं यंदा जन्मात पहिल्यांदा श्रावण पाळला. मटण सोडलं, सोमवार धरले, गाल बरे झाले. पोरगं देवाला लागलं म्हणून कडूबाई गल्लीभर सांगत फिरली. काल पोळा झाला आणि श्रावण संपला. उद्या सकाळची ड्यूटी. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला होता, “पोळा झाल्यावर दाढी नाही, तर मग तू नाही.”

“काका, नीट ऐका,” राजकुमारनं गाल पुढं केला. महिनाभराच्या विरळ दाढीतून जुने काळे डाग दिसत होते. “मला वासाचा नको, आन् सुगंधाचा बी नको. काहीच नको. नुसता साबण.”

काकांनी चष्मा वर करून गाल बघितला. त्यांचा आवाज जरा खाली आला.

“तसा मी ठेवतच नाही रे बाबा. एकदा ठेवला होता. गिऱ्हाइकं परत घेऊन आली, म्हणे शिळा आहे, वासच येत नाही.”

“मग आमच्यासारख्यानं करावं काय?”

“खोबरेल लावून दाढी करून बघ.”

“बघितली. दही झालं, कोरफड झाली. घरातलं समदं तोंडाला फासून झालं. आता शेण तेवढं राहिलंय.”

काकांना हसू आलं. तेवढ्यानं राजकुमारचं डोकं फिरलं. समोरचे साबण त्यानं हातानं बाजूला लोटले, एक खाली पडला.

“हसू नका. माझी नोकरी चाललीय. तुम्ही पंचांग बघणारी माणसं, तुम्हीच सांगा. श्रावण सोडून दाढी न करायचं दुसरं काय असतं? काहीतरी असंलच की. आमच्या सुपरवायझरला देवाधर्माचं कारण चालतं, कातडीचं चालत नाय.”

काका खरंच विचार करायला लागले.

“चातुर्मास आहे अजून. पण त्यासाठी दाढी सोडणारा आता कोण राहिलाय? तुझा साहेब मानायचा नाही. बाकी मग सुतकच. सुतकात मात्र कुणी विचारत नाही.”

“मग तेच येऊ द्या एकदाचं,” राजकुमार म्हणाला.

वैतागून म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

पायरीवरून कडूबाई बोलली. आवाजात ना राग होता ना रुसवा. घरातलं पीठ सरलंय, असं सांगावं तशी ती बोलली.

“दम काढ की रं जरा. घरात मीच मोठी हाय. माझ्या सुतकात व्हतील तुझे गाल बरे.”

राजकुमार तिच्याकडं बघू शकला नाही. तो वाकला, खाली पडलेला साबण त्यानं उचलला आणि काउंटरवर ठेवला.

“हाच द्या.”

“अरे, चंदनाचा आहे तो,” काका म्हणाले.

“असू द्या.”